मीरा, सीता आणि सौदामिनी : दुर्गाबाई खोटे

मंडळाच्या छोट्या सभागृहात जुने बोलपट दाखविण्याचा उपक्रम आम्ही काही वर्षे नेटाने चालविला. पडदा एका बाजूने जरा झुकलेलाच असे, पंख्यांचा आवाज संवादांवर मात करी. तरीही हौशी मंडळी नेमाने येत. अशाच एका पावसाळी रविवारी प्रभातचा ‘अमरज्योती’ दाखविला गेला. नंतर चहाच्या वेळी, नोकरीनिमित्त नुकत्याच कलकत्त्यास आलेल्या एका तरुण सभासदाने विचारले की, हा चित्रपट आज कोणी काढू धजेल काय? प्रश्न साधा होता, पण आमच्यासारखी जुनी मंडळी उत्तर देताना अडखळली. कोणी तंत्राच्या प्रगतीचा दाखला दिला, कोणी खर्चाचा. परंतु त्या तरुणाचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. त्या प्रश्नाचा मागोवा घेत आम्ही त्या बोलपटाच्या नायिकेपाशी, दुर्गाबाई खोटे यांच्यापाशी, येऊन थांबलो. त्यांच्या ऐन उमेदीतील काही महत्त्वाची कामगिरी आपल्या याच शहरात घडली, हे नव्या पिढीतील पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हे स्मरण.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरचे आडनाव लाड. घराणे मूळचे गोव्याचे, घरात कोकणी बोलली जाई. वडील पांडुरंग शामराव लाड हे मुंबईतील नामांकित सॉलिसिटर. गिरगावातील कांदेवाडीत मोठ्या एकत्र कुटुंबात कन्येचे बालपण गेले. कॅथीड्रल शाळा आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालय असे त्या काळी फार थोड्या मुलींच्या वाट्यास येणारे शिक्षण त्यांस लाभले. महाविद्यालयात असतानाच विवाह झाला आणि त्या खोटे यांच्या श्रीमंत घरात सून म्हणून गेल्या. दोन मुलगे झाले. येथवरचे चरित्र त्या काळच्या कोणाही सुस्थितीतील स्त्रीचे असू शकले असते.

पण सासरचे ऐश्वर्य ओसरले आणि मुलांच्या पोटापाण्याचा प्रश्न समोर उभा राहिला. पदवीपर्यंतचे शिक्षण अर्धवट, हाती कोणताही व्यवसाय नाही, आणि कुलीन घरातील स्त्रीने अर्थार्जनासाठी बाहेर पडावे ही कल्पनाच समाजास मानवणारी नाही. अशा वेळी ओळखीतून मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या १९३१ च्या चित्रपटात एक लहानशी भूमिका चालून आली. पैशाची निकड होती. दुर्गाबाईंनी ती स्वीकारली. उरलेला चित्रपट कसा आहे याची त्यांस पुरती कल्पना नव्हती. जाहिरातीत मात्र लाडांची कन्या आणि खोट्यांची सून म्हणून दोन्ही घराण्यांची नावे झळकली. चित्रपट सुमार निघाला आणि नाचक्कीचा सारा भार एकट्या बाईंवर आला. नातेवाइकांत तोंड दाखविणे अवघड झाले. येथेच सारे संपायचे. परंतु त्या पडेल चित्रपटातील त्या चिमुकल्या भूमिकेवर व्ही. शांताराम यांची नजर गेली.

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी तेव्हा आपल्या पहिल्या बोलपटाच्या तयारीत होती. कथा हरिश्चंद्राची, तारामतीसाठी स्त्री हवी होती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी हीच कथा पडद्यावर आणली तेव्हा तारामतीची भूमिका करण्यास एकही स्त्री मिळाली नव्हती. उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांस लुगडे नेसवावे लागले होते. त्यानंतर अवघ्या एकोणीस वर्षांनी सेंट झेवियर्समध्ये शिकलेली, दोन मुलांची आई असलेली स्त्री त्याच तारामतीच्या वेषात उभी राहिली. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ च्या आरंभी मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत प्रदर्शित झाला. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचेच. काल ज्यांनी नाके मुरडली त्यांनीच तारामतीस डोळे पुसत दाद दिली. लोकनिंदेचा पूर असा एका चित्रपटाने ओसरावा याचे आम्हांस आजही नवल वाटते.

त्याच वर्षीच्या ‘मायामच्छिंद्र’कडे वळताना त्या तरुण सभासदाचा प्रश्न प्रथम टोचू लागतो. स्त्रियांचेच राज्य असलेल्या देशाची मानी, पुरुषांस तुच्छ लेखणारी राणी, आणि तिच्या मोहात सापडलेले, निदान तसे भासणारे, योगी मच्छिंद्रनाथ. गुरूस सोडविण्यास शिष्य गोरखनाथ येतो. ती भूमिका मास्टर विनायक यांची होती. अखेरीस हा सारा मायेचा खेळ ठरतो हे खरे. पण तोपर्यंत प्रेक्षकांनी एका सिद्ध पुरुषास राणीच्या महालात रमलेले पाहिलेले असते. १९३२ च्या भाविक प्रेक्षकाने ते पाहिले, कथेचा इत्यर्थ समजून घेतला आणि तो शांतपणे घरी गेला. आज अशी कथा लिहिणाऱ्याने पहिल्या पानाआधी वकील गाठावा, असे आम्ही गमतीने म्हणतो. पण ती गंमत पुरती गंमत राहिलेली नाही.

या बोलपटात राणीच्या पायाशी खराखुरा चित्ता होता. कोल्हापूर दरबारी शिकारीसाठी चित्ते बाळगण्याची चाल होती, तेव्हा त्या गावात ही गोष्ट आजच्याइतकी अघटित वाटली नसावी. पुढे १९५२ साली चित्ता आपल्या देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि २०२२ मध्ये नामिबियातून आणून तो कुनोच्या जंगलात सोडावा लागला. आता चित्रीकरणात साधा घोडा उभा करायचा तरी पशुकल्याण मंडळाची अनुमती लागते. ही बंधने योग्यच आहेत; नटीच्या आणि जनावराच्याही जिवाशी तो खेळ होता. जुने चित्रपट आज निघणार नाहीत म्हणून सरसकट हळहळणाऱ्यांपैकी आम्ही नव्हेत, हे येथे सांगून ठेवतो.

कोल्हापूरच्या या यशानंतर दुर्गाबाईंनी एक पाऊल उचलले, ज्याचे मोल आज चटकन उमगत नाही. त्या काळी नट-नटी एका चित्रसंस्थेच्या मासिक पगारावर बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनी ही वेस ओलांडली. प्रभातशी नाते न तोडता त्यांनी इतर संस्थांची कामे स्वीकारली, आणि त्यांतील पहिली मोठी हाक आली ती कलकत्त्याहून.

टॉलीगंजला बीरेंद्रनाथ सरकार यांची न्यू थिएटर्स ही संस्था १९३१ साली उभी राहिली होती. सरकार व्यवसायाने अभियंते. चित्रगृह बांधता बांधता चित्रपटांकडे वळलेले. बिधान सरणीवरील, तेव्हाच्या कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरील, त्यांचे चित्रा हे चित्रगृह सुभाषबाबूंच्या हस्ते उघडले गेले. पुढे मित्रा या नावाने ते आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे झाले आणि २०१९ साली बंद पडले. या संस्थेत देवकीकुमार बोस यांनी ‘चंडीदास’ काढून बंगालला वेड लावले होते. त्यांनी आता मीराबाईची कथा हाती घेतली. बंगालीत मीरा झाल्या चंद्रावती देवी. हिंदी ‘राजरानी मीरा’साठी दुर्गाबाई आल्या. सोबत पृथ्वीराज कपूर, सैगल, पहाडी सान्याल. संगीत रायचंद बोराल यांचे. हे १९३३ साल. पार्श्वगायनाची सोय पुढे १९३५ साली याच संस्थेत ‘भाग्यचक्र’च्या वेळी झाली, मीरेच्या वेळी पात्रांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहून गावे, असाच प्रघात होता. परमुलखात, परक्या भाषेच्या वातावरणात, मुलांपासून शेकडो कोस दूर राहून संतिणीचा भाव चेहऱ्यावर आणणे सोपे नव्हते. कलकत्त्यात नवखे दिवस काढलेल्या मराठी कुटुंबांस त्याची कल्पना सहज यावी.

मीरा ही मेवाडच्या राजघराण्याची सून. राजवाडा, पती, कुळाची रीत यांच्याकडे पाठ फिरवून साधूंच्या मेळ्यात नाचणारी. भक्तिरसाच्या आवरणाखाली ही घर सोडणाऱ्या स्त्रीची कथा आहे, आणि ती सांगण्यासाठी बंगाली दिग्दर्शकाने मराठी नटी निवडली, याबद्दल वाद झाल्याचे आमच्या वाचनात नाही. मेवाडच्याच दुसऱ्या राणीवरील चित्रपटाला २०१८ साली नाव बदलून ‘पद्मावत’ म्हणून प्रदर्शित व्हावे लागले आणि चित्रगृहांना पोलिसांचा पहारा द्यावा लागला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. काळाची मापे जुळवताना ही दोन टोके शेजारी ठेवावीशी वाटतात.

दुसऱ्या वर्षी, १९३४ साली, ‘सीता’. या वेळी संस्था खेमका यांची ईस्ट इंडिया फिल्म कंपनी, दिग्दर्शक पुन्हा देवकी बोस. सीतात्यागाची कथा कलकत्त्याच्या रसिकांस नवी नव्हती. शिशिरकुमार भादुडी यांनी १९२४ साली रंगभूमीवर आणलेली ‘सीता’ त्यांच्या मनात ताजी होती, आणि तेच नाटक भादुडी पुढे अमेरिकेसही घेऊन गेले होते. पडद्यावरच्या या सीतेत मात्र सारा हिंदुस्थान सामावला. निर्माता मारवाडी, दिग्दर्शक बंगाली, राम म्हणजे पेशावरकडचे पृथ्वीराज आणि सीता गिरगावची. शिवाय याच कंपनीने त्याच वर्षी तेलुगूत ‘लवकुश’ काढला, म्हणजे एका आवारात दोन भाषांतील दोन सीता वावरत होत्या. ‘सीता’ व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. आंतरराष्ट्रीय महोत्सवात गेलेला हा पहिला भारतीय बोलपट. देवकीबाबूंना तेथे सन्मानपत्र मिळाले.

राज्याभिषेकानंतरची सीता हा विषय अवघड आहे. रामाची भक्ती न सोडता रामाला प्रश्न विचारणे भवभूतीला जमले, आमच्या ओव्या गाणाऱ्या बायकांनाही जमले. देवकीबाबूंनी तो प्रश्न पडद्यावर आणला आणि सरकारी निरीक्षकांनी, धर्ममार्तंडांनी, तिकीट काढणाऱ्या सामान्यांनी तो येऊ दिला. आजचा निर्माता हा विषय घेतो तेव्हा युद्धाचा प्रसंग सजवतो, रावणाची दहा डोकी संगणकावर घडवितो. धरणीच्या दुभंगापाशी येऊन बहुधा थबकतो. त्याला भित्रा म्हणावे असे आम्हांस वाटत नाही. त्याचे कोट्यवधी रुपये एका रोषाच्या लाटेत बुडू शकतात, आणि खेमकांच्या काळी पणाला लागणारी रक्कम याच्या पासंगालाही पुरली नसती.

देवकीबाबूंच्याच १९३५ च्या ‘इन्किलाब’मध्ये दुर्गाबाई व पृथ्वीराज पुन्हा एकत्र आले. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात झालेल्या महाभूकंपाची ती पार्श्वभूमी. जखम ओली असतानाच, आणि इंग्रजी अमलात असले नाव धारण करून हा बोलपट निघाला. पृथ्वीराजांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा राज यात प्रथम पडद्यावर आला.

याचा अर्थ तो काळ मोकळीकीचा होता असा कोणी घेऊ नये. प्रभातने संत एकनाथांवर १९३५ साली काढलेल्या बोलपटाचे ‘महात्मा’ हे नाव सरकारी निरीक्षकांस खपले नाही. त्यात त्यांस गांधीजी दिसले. तो ‘धर्मात्मा’ या नावाने लोकांसमोर आला. तेव्हाची कात्री एकाच्या हातात होती आणि ती कोणाच्या हातात आहे हे निर्मात्यास ठाऊक होते, एवढाच फरक.

आता ज्या ‘अमरज्योती’मुळे हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे यावयास हवे. प्रभात तोवर पुण्यास आली होती. १९३६ साली शांताराम यांनी केवळ हिंदीत हा बोलपट काढला. कथा कोणा एका काल्पनिक राज्याची. सौदामिनी नावाच्या स्त्रीस नवऱ्यापासून वेगळे व्हावे लागते आणि पोटच्या मुलाचा ताबा ती मागते. न्यायमंत्री दुर्जय तो नाकारतो. विवाहित स्त्री कायद्याच्या दृष्टीने दासीच, तिला कसला अधिकार, अशी त्याची भूमिका. सौदामिनी समुद्राचा आसरा घेते आणि चाच्यांची नायिका बनते. राजनौकेवर हल्ला करून ती दुर्जयास पकडते, त्याचा पाय तोडते. लुटीतील एका पेटीतून राजकन्या नंदिनी बाहेर येते आणि हळूहळू सौदामिनीच्या विचाराची होते. नंदिनी झाल्या होत्या शांता आपटे. दुर्जयाच्या भूमिकेत चंद्रमोहन आणि त्यांचे ते विलक्षण डोळे. संगीत मास्टर कृष्णरावांचे.

दुर्गाबाईंनी सौदामिनी कशी उभी केली? उंच, ताठ, आवाजात हुकमत. रडत नाही, विनवीत नाही. मुलाच्या आठवणीने तिचा चेहरा क्षणभर ढिला पडतो आणि लगेच पूर्ववत होतो. सभागृहात आमच्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध भगिनी त्या क्षणी पदराने डोळे टिपत होत्या. कारण हे कल्पित राज्य फार दूरचे नव्हते. १९३६ साली या देशातील हिंदू विवाहितेस बहुतेक ठिकाणी घटस्फोटाचा मार्गच नव्हता. तो १९५५ च्या कायद्याने मिळाला. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यानेही अपत्याचा नैसर्गिक पालक म्हणून बापाचे नाव आधी आणि आईचे त्याच्यामागे ठेवले, आणि त्यातील शब्दाचा आईस न्याय देणारा अर्थ लावण्यास सर्वोच्च न्यायालयाला १९९९ साल उजाडले. सौदामिनीची तक्रार म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षागृहात बसलेल्या निम्म्या लोकांची तक्रार होती.

शेवटाकडे सूडाची धार बोथट होते. शांतारामांना मार्ग समेटाचा दिसतो. तो शेवट आम्हांस कच्चा वाटतो. तथापि पाय तोडणारी, क्षमा न मागणारी, प्रेमप्रकरणाचे कारण न लागणारी अशी चाळिशीकडे झुकलेल्या आईची भूमिका बोलपटाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचे धैर्य तेथे आहे. हा बोलपटही व्हेनिसला दाखविला गेला. आज असा चित्रपट निघणारच नाही असे आम्ही त्या तरुणास सांगितले नाही. स्त्रीनायिकेचे चित्रपट आजही निघतात. पण प्रभातकडे स्वतःचे आवार होते, पगारी सुतार-रंगारी होते, फत्तेलाल यांच्यासारखा कलावंत जहाज उभारण्यास हजर होता. एक बोलपट पडला तर दुसऱ्याने भरून काढता येई. ती चित्रसंस्थेची पद्धत मोडली आणि तिच्याबरोबर असे जुगार खेळण्याची ऐपतही गेली. आश्चर्य म्हणजे ती मोडण्यास ज्यांनी हातभार लावला त्यांत वेस ओलांडून काम करणाऱ्या आमच्या दुर्गाबाईही होत्या.

‘अमरज्योती’नंतर त्यांनी स्वतः निर्मितीत पाऊल टाकून ‘साथी’ हा चित्रपट काढला. चित्रनिर्मितीत उतरलेल्या आपल्याकडील आरंभीच्या स्त्रियांपैकी त्या एक होत. मग १९४१ साली आचार्य अत्रे यांचा ‘पायाची दासी’. त्यात वनमाला सून आणि दुर्गाबाई सासू. छळणारी सासू त्यांनी इतक्या ताकदीने रंगविली की तिचा द्वेषही करवत नाही आणि कीवही येत नाही. पण शीर्षकापासूनच मनात किंतु उभा राहतो. सोशीक सुनेचा हा आदर्श आज कोणी तसाच्या तसा मांडू नये, आणि मांडला तर आमच्या लेकीसुनांनी खुर्च्या सोडून उठून जावे. त्याच्या हिंदी आवृत्तीतील भूमिकेसाठी आणि पुढील वर्षी ‘भरतमिलाप’मधील कैकेयीसाठी कलकत्त्याच्या बंगाल फिल्म जर्नलिस्ट्स असोसिएशनने त्यांस लागोपाठ गौरविले. ज्या शहराने त्यांस मीरा म्हणून पाहिले, त्याच शहराने कैकेयी म्हणून त्यांस डोक्यावर घेतले, हे कलकत्तेकरांच्या रसिकतेस साजेसेच झाले.

१९४३ च्या सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वीवल्लभ’ची आठवण मात्र टाळता येत नाही. कन्हैयालाल मुनशी यांच्या कादंबरीवरील या बोलपटात दुर्गाबाई मृणालवती झाल्या. संयमाचा दंडक साऱ्या राज्यावर लादणारी कठोर विरागिनी, जी बंदिवान राजा मुंजाचे गर्वहरण करावयास जाते आणि स्वतःच त्याच्या प्रेमात पडते. प्रौढ स्त्रीच्या मनातील दडपलेली आस एवढ्या उघडपणे, आणि एवढ्या सभ्यतेने, दाखविण्याचे काम आजच्या मोकळ्या म्हणविणाऱ्या पडद्यालाही क्वचितच साधते.

पुढील आयुष्य थोडक्यात सांगून संपवितो. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगभूमीवर त्यांनी काम केले; ‘मॅकबेथ’वरून शिरवाडकरांनी केलेल्या ‘राजमुकुट’मधील त्यांची भूमिका गाजली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६८ साली पद्मश्री. ‘मुघल-ए-आझम’मधील जोधाबाई आमच्या पिढीस सर्वाधिक परिचित, नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये चिरडलेली ती सम्राज्ञी त्यांनी मोजक्या हालचालींत उभी केली. १९६० साली तो चित्रपट साऱ्या देशात निर्वेध चालला. २००८ साली ‘जोधा अकबर’ निघाला तेव्हा राणीच्या नावावरूनच राजस्थानात तो अडला. १९७४ च्या ‘बिदाई’मधील आई, त्यापूर्वी ‘बॉबी’तील आजी, अशी कामे त्या करीत राहिल्या. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांस मिळाला. बीरेंद्रनाथ सरकार यांस तो १९७० चा मिळाला होता. त्यांच्या संस्थेने माहितीपट व जाहिरातपट काढले, आणि १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘वागळे की दुनिया’ आणली. मराठीत त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र शांता गोखले यांनी इंग्रजीत नेले आहे.

२२ सप्टेंबर १९९१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त २०१३ साली टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांत त्यांचेही चित्र होते. ‘अमरज्योती’ पाहून प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुण सभासदाने पुढील खेळासाठी ‘पृथ्वीवल्लभ’ची प्रत मिळवून देण्याचे कबूल केले आहे, झुकलेला पडदा सरळ करण्याचे काम तेवढे आमच्याकडे आले आहे.